रुमालाखालचा शेवटचा सौदा

इब्राहिमचाचा, तुम्ही मला फसवलंत. दुसऱ्या कुणी नाही, तुम्हीच. तेही माझ्याच शेडमध्ये, माझाच चहा पिऊन, माझा हात हातात घेऊन. मला फसवणारा माणूस मावळात अजून जन्मायचाय, असं मी आयुष्यभर छाती पुढं काढून सांगत आले. तो कधीचाच जन्मलेला होता आणि माझ्या शेजारी लोखंडी स्टुलावर बसून बिस्किटं बुडवत होता, हे मला तुम्हाला माती दिल्यावर कळलं.

बायका आत जात नाहीत म्हणून मी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होते. आत येऊ नका म्हणून कुणी सांगितलं आणि मी वाद घातला नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. अंगात वाद उरलाच नव्हता. तो आता परत आलाय. म्हणून हे लिहायला बसले.

शेडवर लोक येतात, तुमच्या रिकाम्या स्टुलाकडं बघतात आणि म्हणतात, "रंजनाताई, सज्जन माणूस गेला." मी मान हलवते. गुरांच्या बाजारात उभा जन्म दलाली केलेल्या माणसाला सज्जन म्हणताना यांना काही वाटत नाही. तुम्ही ऐकलं असतं तर खांद्यावरचा चौकड्याचा रुमाल तोंडाला लावून हसला असता आणि म्हणाला असता, "ह्यांना माझ्याकडनं एकदा बैल घ्यायला लावायला पायजे हुता."

आपली पहिली गाठ आठवते का? मला तर त्या दिवसाचा वाससुद्धा आठवतो, शेणाचा, कडब्याचा आणि भज्यांच्या तेलाचा. तेव्हा मी पावसाळ्यात भुशीला धरणाच्या वाटेवर कणसं भाजून विकायचे आणि उरलेल्या वर्षात शेळ्या पाळायचे. धरणावर येणाऱ्या पाहुण्यांशी भांडून भांडून माझा आवाज मोठा झाला होता, आणि आवाज मोठा असला की भाव चांगला मिळतो, असा माझा ठाम समज होता. दोन शेळ्या घेऊन बाजारात आले. व्यापाऱ्यानं आकडा सांगितला आणि मी जी सुरू झाले ती थांबेचना. तुम्ही पलीकडच्या रांगेत एका बैलाच्या तोंडात हात घालून त्याचे दात बघत होता. हात तसाच ठेवून तुम्ही मान वळवलीत.

"ए पोरी, बाजार हाय ह्यो. नळावरचं भांडण न्हाई. जरा गप."

"गप बसले तर माझ्या शेळ्या फुकट जातील."

"वरडलीस तरी फुकटच चालल्यात. तुला किती पायजेत ते समद्या बाजाराला कळलं की. आता कोन जास्त देईल?"

मी शेळ्यांची दावी आखडून धरली. तुम्ही बैल सोडून आलात, खांद्यावरचा रुमाल काढलात आणि व्यापाऱ्याला म्हणालात, "घे हात." बाजारातला नियम मला ठाऊक होता. मोठा सौदा तोंडानं होत नाही. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, जेवढी बोटं तेवढा आकडा, आणि बाहेर उभ्या असलेल्या कुणाला काही कळायला नको. पण हे पुरुषांचं काम. व्यापारी मागं सरला.

"बाईमानसाचा हात कसा धरू, चाचा?"

"माझा धर. तिचा मी धरतो. लेक हाय माझी."

"कवापासनं?"

"आत्तापासनं. तुझं काय जातंय?"

भोवतीची माणसं हसली. तुम्ही उजवा हात त्याला दिलात, डाव्या हातात माझा घेतलात, आणि दोन्ही रुमालाखाली. त्याचा आकडा तुमच्या एका हातातून दुसऱ्या हातात यायचा आणि तिथून माझ्या बोटांवर. नियम ठाऊक असला तरी मला त्या भाषेचा सराव कुठं होता? तुम्ही तोंड न हलवता सांगितलंत, "नको आसंल तर हात झटक." मी झटकला. परत झटकला. माझ्या तोंडातून शब्द निघत नव्हता, नुसता हात बोलत होता, आणि समोरच्या व्यापाऱ्याचा चेहरा बदलत चालला होता. माझ्या आवाजानं त्याच्यावर काही परिणाम झाला नव्हता, माझ्या गप्प बसण्यानं झाला. शेवटी आला तो भाव मी ओरडून मागितलेल्या भावापेक्षा वर होता.

दलाली तुम्ही त्याच्याकडून घेतलीत, माझ्याकडून नाही. "पैल्यांदा आल्याल्याकडनं मी घेत न्हाई," म्हणालात. मी निघाले तेव्हा पाठीमागून हाक मारून शिकवलंत, "रंजे, ध्यानात ठेव. पैल्या आकड्याला कदी व्हय म्हनायचं न्हाई. पैला आकडा खरा नसतो. तुला भ्या किती हाय, ते बगायला टाकल्याला असतो."

चाचा, माझं घर, शेड, आज लोक मला ताई म्हणतात ते, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही त्याची दलाली मागितली असती.

पुढं मी शेळ्या विकायला नाही, तुमच्या शेजारी उभं राहायला बाजारात यायला लागले. लोकांनी आमच्या ह्यांना देहूरोडला कामावर, डेपोत गाठून टोचलं, की तुझी बायको परपुरुषांची बोटं मोजते. ह्यांनी डबा खाता खाता उत्तर दिलं, "ती मोजती म्हणून हा डबा भरल्याला हाय." बरीच वर्षं तुमचा हात मध्ये होता. मग एका दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बैलजोडीचा सौदा चालला असताना तुम्ही हळूच दोन्ही हात काढून घेतलेत, आणि रुमालाखाली त्याचा आणि माझा हात राहिला. त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. तुम्ही शेजारी उभे राहून विडी शिलगावत होता, जसं काही तुमचा आमच्याशी संबंधच नाही.

तुमची एक सवय मला तेव्हापासून डाचायची. बाजाराच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, कुणीही यायचं आणि तुम्ही त्याचं जनावर बघून द्यायचात. दात, खूर, खांदा, चाल. ज्याचा सौदा तुमच्याकडं येणार नाही त्यालाही खरं ते सांगायचात. "ह्याला विकू नको, अजून चार वर्सं जाईल," असं सांगून तुम्ही स्वतःचीच दलाली बुडवायचात. मी चिडायचे. तुम्ही म्हणायचात, "उद्या मी दलाल हाय. आज न्हाई."

मग बैल कमी व्हायला लागले. सोमाटण्याच्या आसपासची शेतं गेली, कारखाने आले, पोरं शिफ्टला जायला लागली. बैलांना वैरण घालायला घरात माणूस उरला नाही. त्यात तुमच्यासारख्यानं टेंपोत बैल भरून नेणं अवघड झालं. रस्त्यात गाडी अडवून नाव विचारायचे. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. फक्त एकदा बाजारातून रिकाम्या हातानं माझ्याकडं आलात आणि विचारलंत, "रंजे, त्या पॉवर टिलरला दात आसत्यात का गं?"

दात नव्हते. म्हणूनच तर घोटाळा झाला.

लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्यानं हौसेनं टिलर, नांगरटीचं यंत्र, घेतला होता, तो त्याला विकून टाकायचा होता. मी बोलीला बसले. सोफ्यावर बसून रुमालाशिवाय बोली करायची म्हणजे मला उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटत होतं, तरी मी त्याला बराच खाली आणला. घेण्याआधी तुम्ही म्हणालात, जनावर पारखल्याबिगर घ्यायचं न्हाई. बैल पारखायची आपली रीत एकच, गाडीला जुंपायचा, गाडीची चाकं दोरानं करकचून बांधायची आणि ओढायला लावायचा. ओढला तर बैल. तुम्ही खाली गावातून बैलगाडी आणवलीत. चाकं बांधलीत. टिलर जुंपलात. बंगलेवाला गच्चीवरून बघत होता, त्याची बायको मोबाइलवर शूटिंग करत होती. तुम्ही टिलरच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "हां, चल राजा!"

राजा चालला नाही. राजाच्या पोटातून धूर आला. क्लच जळाला, त्याचा वास पार खालच्या वळणापर्यंत गेला.

बंगलेवाला वरून म्हणाला, "चाचा, आता हा तुमचा."

मी त्याच्याशी भांडायला पायऱ्या चढत होते, तेवढ्यात तुम्ही माझा पदर धरून मला थांबवलंत. "न्हाई रंजे. जुपला मी. जळला माज्या हातानं. घ्यायचा." वाटभर मी तुम्हाला बोलले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तुम्ही तो मेलेला टिलर त्याच बैलगाडीत घालून आणलात आणि माझ्या शेळ्यांच्या पत्र्याखाली उतरवलात.

आपलं दुकान तिथं सुरू झालं. कुणी उद्घाटन केलं नाही. आपण दोघांनी तो टिलर नटानट सुटा केला, चटईवर मांडला आणि त्याच्याकडं बघत बसलो. देहूरोडहून ह्यांच्या ओळखीचा एक निवृत्त मिस्त्री यायचा, त्याला जेवायला घालायचं आणि विचारायचं, हे काय, हे कशाला, हे झिजतं कुठं. तुम्हाला बैलाच्या अंगातली हाडं माहीत होती, तशी तुम्ही या लोखंडातली हाडं शिकलात. पिस्टनला तुम्ही काळीजच म्हणायचात, आणि गिऱ्हाइकांनाही ते कळायचं. आज शेडमध्ये टिलर आहेत, कोळपणीची यंत्रं आहेत, भातलावणीची यंत्रं आहेत, इंद्रायणी तांदूळ सडायच्या लहान गिरण्या आहेत. चौघी बाया आणि तीन गडी पगारावर आहेत. तो जळका क्लच अजून भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. नवीन माणूस कामाला लागला की त्याला आधी तो दाखवायचा, हा तुमचा हट्ट. काल मी तो पुसला.

आणि गुरुवार. तुम्ही तो दलालीतला जुना हट्ट शेडमध्येही घुसवलात. दर गुरुवारी सकाळी ज्याला पाहिजे त्यानं यंत्र घेऊन यायचं, आपण बघून द्यायचं, खरं ते सांगायचं, हातात पाना द्यायचा आणि त्याच्याकडूनच ते करून घ्यायचं. पैसा घ्यायचा नाही. मी दर सहा महिन्यांनी हे बंद करते म्हणायचे. "चाचा, हे लोक हितं फुकट शिकून घरी दुरुस्त करत्यात. मग माझ्याकडं कोन येनार?" तुम्ही म्हणायचात, "तू कुटं पैसं भरून शिकलीस?" एवढंच. मग पुढच्या यंत्राकडं वळायचात. मला भांडायला समोर माणूस लागतो, आणि तुम्ही मला अर्ध्या वाक्यात एकटी सोडून द्यायचात.

बायका यायला लागल्या तेव्हा मात्र मी मनातून हरले. बचतगटांनी यंत्रं घेतली होती आणि ती बंद पडली की कंपनीचा माणूस फोन उचलायचा नाही. पवना नदीच्या वरच्या अंगाहून त्या जीप करून यायच्या. सुरुवातीला यंत्राला हात लावायच्या नाहीत. तुम्ही म्हणायचात, "मावशी, म्हशीची धार काढतीस न्हवं? त्याच्यापरीस सोपं हाय. हे लाथ मारत न्हाई." मग हळूहळू हातांना ऑइल लागायचं. जाताना त्या माझ्याकडं बघून हसायच्या आणि मी उगाच कपाळाला आठ्या घालून चहाचे पेले गोळा करायचे.

आपलं खरं भांडण फोनपायी झालं. तुमच्या सुनेनं, शबानानं, जुन्या यंत्रांचे व्हिडिओ काढून फोनवर टाकायला सुरुवात केली. यंत्र चालू करून दाखवायचं, काय झिजलंय ते सांगायचं, आणि खाली मोठ्या अक्षरात भाव. गिऱ्हाईक मुळशीहून, जुन्नरहून यायला लागलं. मी खूश. तुम्ही फोन हातात घेऊन तो आकडा बघितलात आणि तुमचा चेहरा असा झाला, जसं कुणी घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलंय.

"किंमत उघड्यावर?"

"मग? झाकून काय करायचंय? ज्याला पायजे त्यो घेईल."

"आन् इकनाऱ्याचं काय? त्यानं कितीला सोडलं ते समद्या गावानं बघायचं?"

"बघू दे की! तुमचा रुमाल कशाला हुता मला म्हाईत न्हाई व्हय? इकडनं एक आकडा घ्यायचा, तिकडं दुसरा द्यायचा, मदलं दलालाच्या पोटात."

ते बोलायला नको होतं असं नाही, ते खरंच होतं. बाजारात तसं करणारे मी डोळ्यांनी बघितले आहेत. पण तुम्ही फोन बाकावर पालथा ठेवलात आणि म्हणालात, "व्हय, चोर रुमाल घेत्यात. पर रुमाल चोरासाठी न्हाई केल्याला. अडल्याला मानूस बैल इकतो तवा त्याला दोन गोष्टी द्याव्या लागत्यात, बैल आन् इज्जत. रुमालाखाली एकच जाती."

मी म्हणाले, आता अशी माणसं राहिली नाहीत. तुम्ही म्हणालात, "तुला दिसत न्हाईत." शबाना मध्ये पडली, "अब्बा, ताई, चहा गार होतोय." ते भांडण तिथंच राहिलं. पुढं तुम्ही व्हिडिओत बोलायलाही लागलात, लोकांना आवडायचं तुमचं ते काळीज आणि फुफ्फुस. पण आकडा स्क्रीनवर आला की तुम्ही मान दुसरीकडं वळवायचात. मला ते दिसायचं. मी मुद्दाम आकडा आणखी मोठा करायला सांगायचे.

आता येते त्या दिवसावर.

भाताची कापणी उरकली होती. दुपारी शेडवर कुणी नव्हतं. तुम्ही काठी टेकत आलात, तुमच्या स्टुलावर बसलात, बिस्किटं संपवलीत आणि खांद्यावरचा रुमाल काढून मांडीवर पसरलात.

"चल. सौदा करू."

"कशाचा? गिऱ्हाईक कुटंय?"

"गुरुवारचा. तू दर सहा म्हैन्यानं बंद करती म्हनतीस. माजं डोकं फिरतं. एकदा काय ते वर्सात ठरवून टाक. तेवढी वर्सं तोंड उघडायचं न्हाई."

मला मजा वाटली. किती वर्षांनी रुमाल निघाला होता. मी हात घातला. तुम्ही माझी पाचही बोटं धरलीत. पाच वर्षं. मी झटकला. तुम्ही चारवर आलात. मी तुमचं एक बोट धरलं. तुम्ही हसलात, तीन दाबलीत. मी परत झटकला. तुमचा हात गार होता, आणि मला वाटलं, थंडीमुळं. शेवटी दोनवर आलं. मी म्हणाले, "दोन. पर माजी अट हाय. दोन्ही वर्सं तुमी हितं शेजारी बसायचं. एकबी गुरुवार खाडा न्हाई." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग माझा तळवा घट्ट दाबलात. बाजारात तळवा दाबला म्हणजे सौदा पक्का. त्यानंतर माणूस मागं फिरत नाही. तुम्ही तर कधीच फिरला नाहीत.

त्या संध्याकाळी मी ह्यांना जेवताना किती वेळा सांगितलं असेल, "आज म्हाताऱ्याला पाचावरनं दोनावर आणलं!" एवढ्या वर्षांत मी तुम्हाला पहिल्यांदा हरवलं होतं. थंडी संपायच्या आत तुम्ही गेलात.

मातीनंतर शबाना माझ्याजवळ आली. तिनं सांगितलं की डॉक्टरांनी तुम्हाला भर पावसाळ्यातच सगळं सांगितलं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे माझा हात हातात घेऊन, माझी अट ऐकून, तळवा दाबलात तेव्हा दोन वर्षं सोडाच, तुमच्याकडं पुढचा पावसाळासुद्धा नव्हता, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्हाला वर्षं मोजायचीच नव्हती. पाच, चार, तीन हे सगळं माझ्यासाठी मांडलेलं नाटक होतं, मला जिंकल्यासारखं वाटावं म्हणून. तुम्हाला फक्त माझा तळवा पाहिजे होता. तो मिळाला.

"मला का नाही सांगितलं?" मी शबानाला विचारलं.

"अब्बांनी शपथ घातली होती. म्हणाले, रंजीला कळलं तर ती डॉक्टरशी घासाघीस करायला जाईल."

आम्ही दोघी तिथं फाटकाबाहेर हसलो. लोक बघायला लागले. मग शबानानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

खरंच गेले असते, चाचा. त्या केबिनमध्ये खुर्ची ओढून बसले असते आणि उठले नसते. हा आकडा कुठून आणला, दुसरीकडं दाखवलं का, एवढं तरी वाढवा, निदान एक भातलावणी तरी पदरात घाला. काही मिळालं नसतं, एवढं मलाही कळतं. पण मला बोली करता येते, दुसरं काहीच येत नाही, आणि जिथं मनापासून करावी असा माझ्या आयुष्यातला एकमेव सौदा होता, तिथं तुम्ही मला दाराबाहेर ठेवलंत.

तुम्हाला कळायला हवं म्हणून मागच्या गुरुवारचं सांगते. हो, गुरुवार चालू आहे. तळवा दिलाय मी. वरच्या अंगाच्या एका गटाची अध्यक्ष बाई आली. भातलावणीचं यंत्र विकायचं होतं. ट्रेमध्ये रोपं नीट उगवली नाहीत, यंत्र एक हंगाम नुसतं उभं राहिलं. शबाना व्हिडिओ काढायला लागली तशी त्या बाईनं यंत्रावर पदर टाकला. "ताई, भाव फोनवर नका टाकू. गावात आधीच बोलत्यात, बायकांना मशीन झेपलं न्हाई. आता मातीमोल इकलं हे बी दिसंल."

घेणारी दुसऱ्या गटाची बाई तिथंच उभी होती. मी शबानाकडं बघितलं. तिनं पिशवीतून तुमचा रुमाल काढून दिला. तो ती रोज शेडवर घेऊन येते, हे मला माहीत नव्हतं.

मी मध्ये उभी राहिले. एक हात तिचा, एक हिचा, दोन्ही हातांना ऑइल. त्यांना बोटांची भाषा येत नव्हती. मी तोंड न हलवता सांगितलं, "बोटं तेवढा आकडा. नको असंल तर हात झटका." दोघी आधी हसत सुटल्या, मग हळूहळू गप्प झाल्या. आधी एकीनं झटकला, मग दुसरीनं. माझ्या एका हातातून दुसऱ्या हातात आकडा जाताना मला पहिल्यांदा कळलं की मधल्या हाताला किती सांभाळावं लागतं. दोन्ही बाजूंची भीती त्या हाताला लागते. तुमचे हात त्या भीतीत एवढी वर्षं होते आणि बाहेर तुम्ही विडी ओढताय असं दाखवायचात.

सौदा झाला. कितीला, ते मी इथंही लिहिणार नाही. विकणारी मान वर करून जीपमध्ये बसली. घेणारीला मी ट्रेमध्ये माती कशी भरायची ते शिकवलं, फुकट. तुमचं अर्धं खरं होतं, चाचा. अर्धंच. मधला हात खोटा निघाला तर रुमालासारखी वाईट गोष्ट नाही, हे मी अजूनही म्हणते, आणि बाकीच्या यंत्रांचे भाव फोनवरच राहतील. या, भांडा. मी समोर बसून तासभर भांडायला तयार आहे. तुम्ही अर्ध्या वाक्यात सोडून जाता ही तुमची जुनीच खोड, पण या वेळी फारच लांब गेलात.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. मी शबानाला विचारलं होतं, डॉक्टरनं ते सांगितलं तेव्हा चाचा काय म्हणाले? दुसऱ्या डॉक्टरचं नाव काढलं का? चिडले का? कमी सांगताय म्हणाले का? ती म्हणाली, "काहीच नाही. डॉक्टरांनी महिने सांगितले. अब्बांनी मान हलवली, रुमाल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, ठीक हाय, चला."

ठीक हाय?

चाचा, बाजारात सगळ्यांसमोर मला लेक म्हटलंत, म्हणून विचारायचा हक्क माझा आहे. पहिला आकडा खरा नसतो, समोरच्याला भीती किती आहे ते बघायला टाकलेला असतो, हे कुणी शिकवलं मला? दोन शेळ्यांसाठी तुम्ही माझा हात कितीदा झटकायला लावलात, माझ्या गुरुवारसाठी पाचावरून दोनावर यायचं एवढं नाटक केलंत. आणि स्वतःच्या जिवाचा आकडा समोर पडला तेव्हा एकदाही हात झटकला नाहीत. पहिल्याच आकड्याला हो म्हणालात.

का म्हणालात? जबाब द्या.